मागच्या सीटवरचा आवाज

साहेबांच्या घरात ड्रायव्हरला सगळे 'बरंकाका' म्हणत. हे नाव पाडलं होतं साहेबांच्या नातीनं, ती तीन वर्षांची असताना. काका, गाडी काढा. बरं. काका, वाटेत औषधं घ्यायचीत. बरं. काका, उद्या पाचला निघायचंय. बरं. आता ती नात शिकायला परगावी गेली होती, पण नाव मागे राहिलं होतं. ड्रायव्हरला त्याचं काही वाटत नसे. एकाच माणसाची गाडी एकोणीस वर्षं चालवायची तर बोलणं कमी आणि लक्ष जास्त, एवढं त्याला पहिल्या सहा महिन्यांतच कळलं होतं.

साहेब पूल बांधणारे इंजिनियर. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बाईसाहेब सहा वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून त्यांचा दिवस म्हणजे सकाळी वाचनालय, बुधवारी जुन्या मित्राकडे बुद्धिबळ आणि मधेमधे दात, डोळे, गुडघे यांचे डॉक्टर. या सगळ्याला गाडी लागायची. गाडी अकरा वर्षांची होती, पण ड्रायव्हर ती रोज स्वतःच्या जुन्या बनियनने पुसायचा आणि बघणाऱ्याला ती चार वर्षांची वाटायची. साहेब नेहमी मागे, डाव्या बाजूला बसत. वर्तमानपत्राची चौपदरी घडी मांडीवर, चष्मा त्यावर.

दाताच्या डॉक्टरकडे जाताना एका मंगळवारी ते अचानक म्हणाले, "ऐकलंस?"

"काय साहेब?"

"आवाज. कट-कट-कट. तीनदा आला आणि थांबला. इथे, माझ्या दारात कुठेतरी."

ड्रायव्हरने वेग कमी केला, एसी बंद केला. टायरचा आवाज येत होता, बाहेर एका ट्रकचा येत होता. बाकी काही नाही. त्याने आरशात पाहिलं. साहेब मान कलती करून, डोळे बारीक करून बसले होते, आणि मग त्यांनी आरशातून थेट त्याच्याकडे पाहिलं.

"येतोय ना?"

"हो साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "येतोय थोडासा."

त्यात लबाडी नव्हती. साहेबांचा कान म्हणजे काय चीज आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी साहेब पुलाखाली उभे राहत, वरून एक ट्रक जाऊ देत आणि बरोबरच्या पोरसवदा इंजिनियरांना सांगत, तिसऱ्या खांबावर जाऊन बघा, काहीतरी सुटलंय. आणि सुटलेलं असे. अशा माणसाला आवाज आला म्हणजे तो आहेच, आपल्याला उद्या-परवा येईल, असं ड्रायव्हरने मनाशी धरलं आणि गाडी पुढे काढली.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी रिकामी केली. दाराच्या कप्प्यातून दोन पेनं, एक किल्ली आणि खोकल्याच्या गोळ्यांची डबी निघाली. समोरच्या कप्प्यातून कागद, टॉर्च, सुटी नाणी. डिकीतला जॅक त्याने फडक्यात गुंडाळून घट्ट बांधला. मागच्या सीटबेल्टचं बक्कल दारावर आपटत असेल म्हणून त्याला स्पंज लावला. वाचनालयाच्या वाटेवर साहेब म्हणाले, "अजून आहे."

मग गाडी नेहमीच्या मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीने चार खड्ड्यांतून ती आपटून आणली आणि म्हणाला, "मला तर काहीच येत नाही. गाडी लोण्यासारखी चाललीय. तुला येतो का?"

इथे सांगून टाकता आलं असतं. पण साहेबांना 'हो' म्हणून आठ दिवस झाले होते, आणि साहेबांनी मिस्त्रीला आधीच फोन करून ठेवला होता. माझ्या ड्रायव्हरलाही येतो, त्याला विचारा, असं फोनवर सांगितलंही होतं.

"येतो ना," ड्रायव्हर म्हणाला. "डावीकडून."

"मग उघडावं लागेल," मिस्त्री म्हणाला.

त्याने डाव्या दारांची अस्तरं काढली. तिथे काही सापडलं नाही म्हणून दोन दारांमधल्या खांबावरची झाकणं काढली, तिथेही काही सापडेना म्हणून डॅशबोर्ड मोकळा केला. अकरा वर्षांचं प्लास्टिक ते, उन्हानं कडक झालेलं. ते धरून ठेवणाऱ्या क्लिपा दाताखाली बडीशेप फुटावी तशा फुटत होत्या. मिस्त्री फुटलेल्या क्लिपा एका डबीत टाकत होता आणि ड्रायव्हर शेजारी उभा राहून मोजत होता. चौदा झाल्यावर त्याने मोजणं सोडलं.

तीन दिवसांनी गाडी परत आली ती खरोखर वाजत आली. डॅशबोर्डचा उजवा कोपरा किरकिरत होता, डाव्या दारात काहीतरी टकटकत होतं आणि गतिरोधकावरून गेलं की मागून डबा हलवल्यासारखा खडखडाट येत होता. ड्रायव्हरच्या अंगाला घाम फुटला. आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. आता निदान आवाज तरी होता. तो आरशात पाहून म्हणाला, "साहेब, आता चांगलाच ऐकू येतोय."

"छे," साहेब म्हणाले. "हे नवे आहेत. आपला तो वेगळा."

आपला. ते असंच म्हणायचे आता. आज आपला आवाज दोनदाच आला. आज आपल्याने पुलावर त्रास दिला. ड्रायव्हर 'हो साहेब' म्हणायचा आणि नजर रस्त्यावर ठेवायचा.

पुढचे तीन महिने तो सुट्टीच्या दिवशी स्वतः गाडीला भिडला. फेल्टच्या पट्ट्या, फोमचे तुकडे, जुन्या सायकलच्या ट्यूबच्या चकत्या असं सामान घेऊन बसायचा. मागच्या सीटवर बायकोला बसवायचा. ती एका शिवणकामाच्या कारखान्यात होती, तिची बोटं त्याच्यापेक्षा बारीक आणि चपळ. ती मुठीने अस्तरावर ठोकायची, कान लावायची, म्हणायची, "इथे सुटं आहे," आणि तो त्या जागी पट्टी सरकवायचा. एक आवाज बंद झाला की त्याच्याखाली दबलेला दुसरा वर यायचा.

एका रविवारी ती हात थांबवून म्हणाली, "अहो, हे सगळे आवाज मिस्त्रीने घातलेले. साहेबांचा तो कुठला?"

"तो मला येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येतच नाही. कधी आलाच नाही."

तिने हातातली पट्टी खाली ठेवली. "आणि तुम्ही गेले चार महिने त्यांना हो म्हणताय?"

"पहिल्या दिवशी म्हणालो. मग म्हणतच गेलो."

"उद्याच्या उद्या सांगून टाका. रागावले तर रागावले. एकोणीस वर्षांत काय कमी रागावलेत?"

"रागाचं नाही गं. ते मला विचारतात ना, तेव्हा त्यांचा चेहरा..." त्याला पुढे सांगता येईना. "सांगतो. या आठवड्यात सांगतो."

त्या आठवड्यात त्याने सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात साहेबांनीच कुठून तरी खुळखुळे मास्तरांचा पत्ता काढला.

मास्तरांचं खरं आडनाव कोणाला माहीत नव्हतं. गाडीतले खुळखुळे काढणं हाच त्यांचा धंदा, म्हणून ते खुळखुळे. इंजिनाला ते हात लावत नसत. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची लांबट, स्वच्छ शेड होती, आणि आत जाताना बोलणं बंद करावं लागे. साठीचा बुटका माणूस, कानांवर भरपूर केस. एक रबरी नळी घेऊन तिचं एक टोक कानात आणि दुसरं टोक अस्तराच्या फटीत, असे ते मागच्या सीटवर, डिकीत, अगदी पाय ठेवायच्या जागेतही आडवे पडत आणि ड्रायव्हरला सांगत, चला, वीसने चला, आता ब्रेक लावा. दोन दिवसांत त्यांनी सतरा आवाज शोधून काढले आणि सतराही बंद केले. फुटलेल्या प्रत्येक क्लिपेच्या जागी नवी बसवली. तिसऱ्या दिवशी गाडी इतकी शांत झाली की ड्रायव्हरला स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक यायला लागली.

"आता मालकांना आणा," मास्तर म्हणाले. "ते बसल्याशिवाय मी काम झालं म्हणत नाही."

साहेब आले. मास्तर त्यांच्या शेजारी मागे बसले. "आवाज आला की बोलू नका. नुसतं बोट आपटा. तीनदा आला तर तीनदा."

साहेबांनी वर्तमानपत्राच्या घडीवर बोट ठेवलं. गाडी मोठ्या रस्त्याला लागली, खड्ड्यांतून गेली, उड्डाणपुलाच्या सांध्यांवरून गेली. ड्रायव्हर आरशातून त्या बोटाकडे पाहत होता. बोट हललं नाही. त्याचा जीव भांड्यात पडत होता. मिटलं बुवा, असं त्याला वाटलं. मग लाल सिग्नल लागला. लांबलचक सिग्नल होता, म्हणून सवयीने त्याने इंजिन बंद केलं.

गाडी उभी. काचा वर. कशाचाच आवाज नाही.

साहेबांचं बोट तीनदा आपटलं.

साहेबांचं बोट तिथेच वर राहिलं. त्यांनी समोर सिग्नलकडे पाहिलं, मग किल्लीकडे पाहिलं. ड्रायव्हरला आरशात त्यांचा चेहरा पूर्ण दिसत होता. आयुष्यभर कुठे काय सुटलंय ते शोधलेला माणूस होता तो. त्याला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"चला," साहेब म्हणाले. "हिरवा झाला." सिग्नल अजून लालच होता.

शेडमध्ये परत आल्यावर साहेब गाडीतच बसून राहिले. मास्तरांनी ड्रायव्हरला कोपऱ्यात नेलं.

"आवाज गाडीत नाही. घरच्यांना सांगा, डॉक्टरला दाखवा. आजच सांगा."

"बरं."

"मला एक सांगा. तुम्हाला तो येत होता?"

"नाही."

"मग हो का म्हणालात?"

ड्रायव्हर बुटाच्या टोकाने जमीन साफ करू लागला. तिथे फोमचे बारीक काप पडले होते.

मास्तर चिडले नाहीत. "माझ्याकडे येणारी अर्धी माणसं घरच्यांचं भांडण नाहीतर एकटेपणा घेऊन येतात," ते म्हणाले. "बरोबरचा माणूस खरं बोलतो म्हणून मला ते अर्ध्या तासात कळतं. तुमच्यामुळे मला तीन दिवस लागले."

तीन दिवसच ते. ड्रायव्हर मनात हिशेब करत होता तो महिन्यांचा.

संध्याकाळी त्याने साहेबांच्या मुलाला गाठलं. मुलगा पंचेचाळिशीचा, शांत, दिवसभर कार्यालयात दमलेला. ड्रायव्हर त्याला दादा म्हणायचा. सिग्नलवर काय झालं ते ऐकून दादा खुर्चीत खाली बसला. "बाबांनी दोन महिन्यांपूर्वी खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ काढायला लावलं," तो म्हणाला. "त्याआधी खिडकीची कडी बदलून घेतली." स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "आणि नळ. नळ गळतो म्हणून प्लंबर तीनदा आला. नळ कोरडा होता."

दोन दिवसांनी कानाचे डॉक्टर झाले. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे मोठ्या यंत्रात डोकं घालून फोटो काढले. ड्रायव्हर खाली गाडीजवळ थांबला होता. दादा एकटाच खाली आला. साहेब आणि वहिनी अजून वर होते.

"गाठ आहे," दादा म्हणाला. "डोक्यात, डाव्या बाजूला. तो आवाज म्हणजे झटका होता म्हणे. फिट येते तसा, पण बारीकसा. दर वेळी तोच आवाज, तेवढाच. मी विचारलं, काढता येईल का. म्हणाले, लहान होती तेव्हा विचार करता आला असता. आता पसरलीय. आणि हे वय." त्याने हात गाडीच्या टपावर ठेवला. "पाच महिने गेले, काका."

सांगितलं नाही तरी चालण्यासारखं होतं, कोणाला कळलं नसतं. पण ड्रायव्हरला आता आत काहीही ठेववेना.

"दादा, मला तो आवाज कधी येत नव्हता."

"म्हणजे?"

"साहेबांनी विचारलं आणि मी हो म्हणालो. शेवटपर्यंत हो म्हणत राहिलो."

पार्किंगमध्ये एक बाई गाडी मागे घेत होती, तिला वाट द्यायला दोघेही बाजूला झाले आणि परत आले.

"मी बाबांना विचारलं होतं," दादा म्हणाला. "घड्याळ काढलं तेव्हाच. म्हटलं, बाबा, कान तपासून घेऊ या का? तर म्हणाले, कानाला काय झालंय, गाडीतला आवाज ड्रायव्हरलाही येतो. म्हणून मग मी..." तो तिथेच थांबला. आवाज चढवला नाही, एक वेडावाकडा शब्द बोलला नाही. नुसतं म्हणाला, "ते खाली येतायत. दार उघडा."

डोक्याला किरणांचा शेक द्यायला रोज हॉस्पिटलमध्ये न्यायचं ठरलं. गाठ जाणार नव्हती, थोडी थोपवता आली तर बघायचं, एवढंच. मागच्या दारातून वाकून आत शिरायला त्रास होतो म्हणून साहेब आता पुढे, ड्रायव्हरशेजारी बसत. दुसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी, नदीवरच्या पुलावर गाडी असताना, त्यांनी विचारलं.

"तुला तो कधी आलाच नाही ना?"

"नाही साहेब."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग का म्हणालास?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी म्हणालो म्हणून." साहेबांनी ते शब्द हळू उच्चारले. शब्द जोडायला त्यांना आता वेळ लागत होता. "माझ्या कामावर असा माणूस... मी एका दिवसात घरी पाठवला असता. पूल पडतात अशांमुळे."

"हो साहेब."

"हो म्हणू नकोस."

पूल संपला. बऱ्याच वेळाने साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सिग्नलच्या आधी मला कळलं होतं. महिनाभर आधी. घरात येत होता, अंघोळीत येत होता. घरात कोणाला येत नव्हता, एकट्या तुला येत होता. मी म्हणायचो, ड्रायव्हरला येतोय ना, मग ठीक आहे." त्यांनी हात उचलला आणि बोलता बोलता विसरल्यासारखा परत मांडीवर ठेवला. "बरं वाटायचं रे."

ड्रायव्हरला समोरचं नीट दिसेना. त्याने गाडी कडेला घेतली आणि धोक्याचे दिवे लावले. मागून गाड्या भोंगे वाजवत जात राहिल्या. थोड्या वेळाने साहेबांनीच समोर बोट दाखवलं, निघ.

त्यानंतर त्यांचं बोलणं भराभर गेलं. आधी नावं गेली, मग वस्तूंची नावं. वाचनालयाला ते 'ते उंच' म्हणत, चष्म्याला 'काच'. ड्रायव्हरला तर काहीच म्हणत नसत, नुसते बघत. चौथ्या आठवड्यात शेक बंद केला. सातव्या आठवड्यात, दुपारी, वहिनी सूप गाळत असताना ते गेले. ड्रायव्हर तेव्हा औषधाच्या दुकानासमोर रांगेत होता. हातात चिठ्ठी होती. वहिनींचा फोन आला तरी त्याचा नंबर येईपर्यंत तो रांगेत उभाच राहिला. औषधं घेतली, आणि घरी येऊन ती साहेबांच्या टेबलावर ओळीने मांडली. काय करतोय ते त्याला नंतर कळलं.

दादाने त्याला काढलं नाही. "महिनाअखेरपर्यंत राहा, मग बघू," असं म्हणाला, आणि रोज स्वतःच गाडी घेऊन बाहेर पडू लागला. ड्रायव्हर सकाळी वेळेवर येऊन फाटकाजवळच्या स्टुलावर बसायचा. वहिनी चहा पाठवायच्या. दादा जाता-येता 'काका, जेवलात का' विचारायचा, पण विचारताना नजर दुसरीकडे असायची. तो रागावला असता, चार शब्द तोडून बोलला असता, तर ड्रायव्हरला सोपं गेलं असतं. दहाव्या दिवशी त्याने किल्ल्यांची जोडी वहिनींच्या हातात दिली आणि महिना पुरा न करताच तो घरी आला. त्याला कोणी थांबवलं नाही.

एका औषध कंपनीत कामगारांची बस चालवायचं काम त्याला मिळालं. चाळीस माणसं बसतात, कोणी त्याच्याशी बोलत नाही, तोही बोलत नाही.

घरी मात्र बोलावं लागतं. परवा बायकोने भाजी वाढली आणि विचारलं, "मीठ बरोबर आहे का हो?" त्याने घास घेतला, चावला, पण उत्तर दिलं नाही. दुसरा घास घेतला. ती वाट बघत उभी राहिली.

"अहो, साधं विचारलं."

"थांब," तो म्हणाला. "सांगतो."

त्याने तिसरा घास तोंडात धरून ठेवला. मीठ कमी होतं की बरोबर होतं, ते त्याला खरंच कळत नव्हतं.